वीज दोघांवर पडली : एका सुपरहिरोपटाकडे ख्रिस्ती नजरेने पाहताना

नाताळच्या आदल्या रात्री केरळातल्या कुरुक्कनमूला नावाच्या एका काल्पनिक गावात दोन माणसांवर वीज पडते. एक आहे जेसन, शिंपीकाम करणारा ख्रिस्ती तरुण. त्याला गावात राहायचे नाही, अमेरिकेला जायचे आहे. दुसरा शिबू. गावाने त्याला लहानपणापासून वेड्यात काढले आहे, कोणी त्याला जवळ बसवून घेत नाही. दोघेही वाचतात आणि दोघांच्याही अंगात सारखीच अचाट शक्ती येते. बेसिल जोसेफ दिग्दर्शित ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम चित्रपट येथून सुरू होतो. तो २४ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्याच आदल्या दिवशी, नेटफ्लिक्सवर आला. तोविनो थॉमस यांनी जेसन आणि गुरू सोमसुंदरम यांनी शिबू साकारला आहे. चित्रपट हिंदीतही उपलब्ध असल्याने आपल्याकडच्या मुलांना तो समजायला अडचण येत नाही.

पुढची पाने या एका चित्रपटाविषयी आहेत आणि ती नांदेड-लातूरकडच्या ख्रिस्ती वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. हा वाचक संख्येने थोडा आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. त्यातली बरीचशी मुंबई, वसई, पुणे आणि अहमदनगर भागातली. मराठवाड्यात आपण गावोगाव विखुरलेले आहोत. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, त्यात नांदेड आणि लातूर येतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याच्या आधीपासून, निजामाच्या राजवटीपासून येथे आहेत. शाळेत, वर्गात, गल्लीत आपला मुलगा बहुधा एकटाच ख्रिस्ती असतो. त्याचे मित्र ज्या सिनेमाविषयी बोलतात त्याच सिनेमाविषयी तो बोलतो. देगलूर-बिलोलीकडे असेल तर तेलुगू चित्रपटही त्याच्या घरचाच असतो. संडेस्कूलमध्ये तो आठवड्यातून एक तास असतो आणि मोबाइलवर रोज. म्हणून सिनेमा कसा पाहावा, हा प्रश्न आपल्या मंडळीने टाळण्यासारखा नाही.

तरी तो टाळला जातो, आणि दोन रीतींनी. पहिली रीत बंदीची. जादू, अंगात येणारी शक्ती, मुखवटे हे सगळे सैतानाचे, तेव्हा पाहायचे नाही, असे सांगितले की विषय संपतो. मुले गप्प बसतात आणि घरी जाऊन पाहतात. दुसरी रीत वरवर प्रेमळ आहे, मला मात्र ती अधिक घातक वाटते. २०१३ साली ‘मॅन ऑफ स्टील’ हा सुपरमॅनपट आला, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या वतीने अमेरिकेतल्या पाळकांना उपदेशासाठी तयार टिपणे पाठवण्यात आली होती. सिनेमातच तशी सोय होती. नायक तेहतीस वर्षांचा. तो चर्चमध्ये धर्मगुरूशी बोलतो तेव्हा मागच्या रंगीत काचेवर गेथशेमाने बागेतला येशू दिसतो. अवकाशात तो हात पसरून क्रूसाच्या आकारात तरंगतो. मग व्यासपीठावरून सांगायला सोपे जाते की, पाहा, सुपरमॅन म्हणजे येशूच! अशा उपदेशाने तिकिटे खपतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात येशूच उंच उडणारा आणि मुठीने प्रश्न सोडवणारा होऊन बसतो. हात पसरले म्हणजे क्रूस झाला, असे समजणे हा क्रूसावर अन्याय आहे.

मराठी माणसाला पडद्यावरची दैवी व्यक्ती आणि ख्रिस्त यांचा संबंध नवा नाही. उलट आपल्या सिनेमाचा जन्मच त्या संबंधातून झाला. १९१०-११च्या सुमारास मुंबईच्या एका तंबू-चित्रपटगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. दुसऱ्या दिवशी ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. ख्रिस्ताची चित्रे डोळ्यांसमोरून सरकत असताना मनात श्रीकृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे १९१७ साली लिहिले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, मग ‘लंकादहन’, मग ‘कालियामर्दन’. मारुती उडाला, कृष्ण नागाच्या फण्यावर नाचला. त्र्यंबकेश्वरच्या या ब्राह्मणाने ख्रिस्ताची गोष्ट पाहिली आणि तिच्यात आपले देव शोधले. त्यात त्याने ख्रिस्ताचा अपमान केला असे कोणी म्हणणार नाही. त्याने मन लावून पाहिले, आणि आपल्या घरून पाहिले. मग शंभर वर्षांनी मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मुलाने दुसऱ्याची गोष्ट आपल्या विश्वासातून पाहिली, तर तेही त्याच परंपरेत बसते.

आपल्या घरची परंपराही हेच सांगते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. ख्रिस्ताची कथा त्यांनी ओवीत बांधली, पुराणाच्या घाटात सांगितली, कारण ऐकणाऱ्याचे कान त्या घाटाला सरावलेले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या लोकांनी शेजाऱ्याच्या गोष्टीत ख्रिस्त चिकटवला नाही. त्यांनी आधी ती गोष्ट आदराने ऐकली. आणि हे जुन्या काळापुरते नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे लातूरच्या शेजारीच, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुबोध बायबल’चे भाषांतर करणारा कॅथलिक धर्मगुरू मराठवाड्याच्या मातीत मराठी साहित्याच्या व्यासपीठावर उभा राहिला. आपल्या मुलांना आपण कोण, हे सांगताना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

आता सुपरहिरोकडे येतो. सुपरहिरोपट पाहायला बसण्याआधी मत्तयकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचावा, असा माझा आग्रह आहे. अरण्यात उपाशी असलेल्या येशूपुढे सैतान तीन गोष्टी ठेवतो. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. मला नमन कर, सगळी राज्ये तुझी. नीट पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट सुपरहिरोच्या कामाची आहे. त्याला उंचावरून उडी टाकूनही काही होत नाही, वस्तूंवर त्याची सत्ता चालते आणि जग त्याच्या पायाशी असते. येशू तिन्ही नाकारतो. पुढे क्रूसावर लोक पुन्हा तेच ओरडतात की, एवढा मोठा आहेस तर खाली उतर, स्वतःला वाचव. तो उतरत नाही. अरण्यात नाकारलेली उडी त्याने क्रूसावरही नाकारली. पौल फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा त्याचा सगळा भर यावरच आहे की ख्रिस्ताने आपले मोठेपण धरून ठेवले नाही, ते ओतून रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले.

पवित्र शास्त्राला बलवान पुरुष माहीत नाहीत असे नाही. शास्त्यांच्या पुस्तकातला शमशोन हा तर पुरता सुपरहिरो आहे. केसांत शक्ती, हातात गाढवाचे जाबाड, शत्रूंचे ढीग. पण ते पुस्तक त्याचा राग, त्याची हाव आणि दलीलेपुढची त्याची दुबळी बाजू लपवत नाही. शक्ती देवाकडून आली तरी माणूस आपोआप शहाणा होत नाही, हे त्या कथेत उघड दिसते. जेसनचेही सुरुवातीला तसेच होते. शक्ती आल्यावर तो पहिल्यांदा काय करतो? त्याला मारणाऱ्यांचा, त्याचा अपमान करणाऱ्यांचा हिशेब चुकता करतो. दिग्दर्शकाने हे हसतखेळत दाखवले आहे आणि मुले तेथे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या थांबवू नयेत. मात्र सिनेमा संपल्यावर त्यांच्याविषयी विचारावे.

या चित्रपटाचे खरे मोल शिबूत आहे आणि पुढच्या पानांचा जास्तीत जास्त भाग त्याच्यासाठी राखला आहे. शिबू खलनायक म्हणून जन्मलेला नाही. वर्षानुवर्षे त्याने उषा नावाच्या एकाच बाईवर प्रेम केले. ती दुसऱ्याची झाली आणि संसार मोडून आजारी लेकीला घेऊन माहेरी परतली. मुलीच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून शिबू बँक लुटतो. पुढे त्याच्या हातून खूनही होतो. त्याचे गुन्हे मुखवटा घालून वावरणाऱ्या जेसनवर येतात आणि गाव जेसनच्या मागे लागते. उषा शेवटी शिबूचे प्रेम स्वीकारते. त्या प्रसंगात गुरू सोमसुंदरम यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहून माझे डोळे भरून आले होते. ज्याला आयुष्यभर कोणी आपले म्हटले नाही त्याला कोणीतरी आपले म्हणते आहे. आणि मग, तो दोषी आहे हे कळल्यावर, गावकरी आग लावतात. त्या आगीत उषा आणि तिची लेक मरतात. यानंतर शिबू गावाचा काळ बनतो.

येथे मला मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आठवतो. गरसेकरांच्या प्रदेशात एक माणूस कबरांमध्ये राहतो. लोकांनी त्याला साखळ्यांनी बांधून पाहिले, त्याने साखळ्या तोडल्या. त्याच्याही अंगात अचाट शक्ती आहे, आणि त्या शक्तीने तो स्वतःलाच दगडांनी ठेचून घेतो. येशू तळे ओलांडून त्याच्याकडे जातो, त्याचे नाव विचारतो. तो बरा होतो, अंगात कपडे घालून शुद्धीवर बसतो. आणि मग गावकरी काय करतात? ते घाबरतात. त्यांची दोन हजार डुकरे बुडालेली आहेत. ते येशूलाच आमच्या हद्दीतून जा म्हणून विनवतात. वेडा माणूस त्यांना चालत होता. बरा झालेला त्यांना परवडला नाही.

कुरुक्कनमूलात शिबूकडे तळे ओलांडून कोणी आले नाही. चर्च आहे, घंटा आहे, नाताळ आहे, पण शिबूचे नाव विचारायला कोणी गेले नाही. ख्रिस्ती प्रेक्षकाने या सिनेमातून एकच प्रश्न घरी न्यावा असे मला वाटते, तो हा की आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीत शिबू कोण आहे? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात देव आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊस दोघांवर सारखाच पाडतो, असे येशू सांगतो. सिनेमातली वीजही दोघांवर सारखीच पडली. एकाच्या अंगावर पडल्यावर त्याचा नायक झाला आणि दुसऱ्यावर पडल्यावर खलनायक, याचे उत्तर विजेत नाही. ते त्या दोघांना मिळालेल्या माणसांत आहे. जेसनला बाप होता, बहीण होती, त्याच्यावर जीव टाकणारा भाचा होता. शिबूला उशिरा एक उषा मिळाली आणि गावाने ती जाळली.

आपल्या भागात आकाशाकडे डोळे लावून बसण्याची सवय जुनी आहे, आणि त्याला कारणही आहे. पाऊस येथे वेळेवर येत नाही. वीज येते ती शेतात काम करणाऱ्यांवर आणि झाडाखाली बांधलेल्या बैलांवर पडते, तिच्यातून शक्ती मिळाल्याचे कोणी ऐकलेले नाही. वरून कोणीतरी येईल आणि आपल्याला सोडवील, ही सुपरहिरोची कल्पना म्हणूनच येथे सहज रुजते. पण या जिल्ह्यांच्या आठवणीतले वाचवणारे हात वरून आलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकड्यांनुसारही सात हजारांहून जास्त माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत जे आले ते जमिनीवर गुडघे टेकून, हातांनी ढिगारे उपसत आले. जवान आले, शेजारच्या तालुक्यांतले लोक भाकऱ्या बांधून आले. चर्चच्या मदतसंस्थाही पुनर्वसनाच्या कामात उतरल्या. उडणारा त्यात कोणीच नव्हता. दुसरी आठवण २०१६ची. लातूर शहराच्या नळांना पाणी उरले नाही तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. मी तान्हेला होतो आणि तुम्ही मला पाणी दिले, असे न्यायाच्या दिवशी ज्यांना म्हटले जाईल त्यांत पंप चालवणारे, वाघिणी धुणारे आणि रात्रपाळीत रूळ सांभाळणारे असतील असा माझा विश्वास आहे.

इटालियन लेखक उम्बर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा येथे कामाचा आहे. ज्याच्या हातात एवढी शक्ती आहे तो जगाची भूक मिटवू शकतो, पण सुपरमॅन आपल्या शहरातल्या दरोडेखोरांना पकडत राहतो. जगाची घडी तशीच राहते. दुष्काळी भागातल्या माणसाला हे लगेच पटावे. खलनायक पकडला म्हणजे गावाचे भले झाले, असे या चित्रपटांचे गणित आहे. पाण्याचे वाटप, सावकाराचे व्याज, मुलीच्या उपचाराचा खर्च हे सगळे गणिताबाहेर राहते. ‘मिन्नल मुरली’ या बाबतीत इतरांहून प्रामाणिक आहे, कारण शिबूच्या गुन्ह्याची सुरुवातच एका न परवडणाऱ्या उपचारातून होते, आणि ते लपवलेले नाही.

तरीही शेवट नेहमीचाच होतो. दोन शक्तिमानांची झुंज, शिबूचा मृत्यू आणि गावाचा जयजयकार. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ वॉल्टर विंक यांनी हिंसेने उद्धार होतो या समजुतीला मिथक म्हटले. जगातल्या असंख्य कथा त्यावर उभ्या आहेत आणि येशूची कथा तिच्या उलट उभी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पूर्ण मान्य आहे. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली, मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला. येशूने तलवार म्यान करायला लावली आणि लूक सांगतो त्याप्रमाणे त्याचा कान बरा केला. धरायला आलेल्याचा कान! सुपरहिरोपटात हा प्रसंग बसत नाही. म्हणून सिनेमाचा शेवट पाहताना ख्रिस्ती प्रेक्षकाने सिनेमाशी असहमत होण्याचे धाडस ठेवावे. गुरू सोमसुंदरम यांच्या अभिनयाचे कौतुक करावे, दिग्दर्शकाच्या कसबाला दाद द्यावी आणि तरी म्हणावे की शिबूला मारून गाव शुद्ध झाले नाही. आग लावणारे हात अजून त्याच गावात आहेत. त्यांच्या पश्चात्तापाविना ही कथा माझ्या लेखी अर्धीच राहते.

याच चित्रपटाच्या बाबतीत खऱ्या आयुष्यातही एक घटना घडली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केरळातल्या कालडी येथे चित्रीकरणासाठी उभारलेला चर्चचा सेट एका गटाने मंदिराजवळ आहे म्हणून मोडून टाकला. चित्रपटाच्या लोकांनी सूड घेतला नाही. त्यांनी काम पुढे नेले आणि दीड वर्षाने चित्रपट पूर्ण करून दाखवला. विश्वासाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला हेही पडद्याइतकेच महत्त्वाचे वाटावे. आपल्या मुलांनी यातून शेजाऱ्यांविषयी कडवटपणा शिकू नये, ही माझी कळकळीची इच्छा आहे. नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कोणाचाही जात-धर्म न विचारता ताट वाढले जाते. त्या शहरात वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला एकत्र बसणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवायला लागू नये.

आणखी एक दुवा सांगायचा आहे, तो केरळ आणि महाराष्ट्र यांना जोडतो. केरळात ओणमला महाबळी परत येतो, आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बळीराजाची आठवण काढतात. सगळे देऊन टाकणारा आणि म्हणून पाताळात घातलेला हा राजा. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त, १८७३ साली, येशूला या बळीच्या मालिकेत बसवले. पीडितांसाठी उभा राहिलेला आणि क्रूसावर खिळलेला पश्चिमेचा बळी, अशी त्यांची मांडणी होती. चर्चच्या धर्मसिद्धान्ताशी ती जुळत नाही हे मला माहीत आहे. पण मराठी शेतकऱ्याला येशू कोणत्या बाजूला उभा आहे, हे फुल्यांनी एका घावात दाखवले. सत्ता घेणारा राजा आणि सत्ता देऊन टाकणारा राजा यांतला फरक मराठवाड्याच्या माणसाला कळतो. त्याला सुपरमॅनमार्गे येशू समजावून सांगण्याची गरज नाही. बळीमार्गे तो अधिक लवकर समजेल.

हे लिखाण पाळकांनी, फादरांनी, सिस्टरांनी आणि संडेस्कूलच्या शिक्षकांनी वापरावे अशी अपेक्षा आहे. त्यांना दोन-तीन गोष्टी सुचवतो. चित्रपट मोठ्या मुलांना दाखवा, लहानांना नको. त्यातली आग आणि मृत्यू त्यांच्या झोपेत येतील. मध्ये थांबवून उपदेश करू नका, पुरा पाहू द्या. चित्रपट अडीच तासांहून जास्त आहे, तेव्हा चर्चा त्याच संध्याकाळी उरकण्याची घाई नको, दुसरा दिवस ठेवा. मुलांच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान, शीख मित्रांनाही बोलवा आणि त्यांनी काय पाहिले ते आधी ऐका. जेसन येशूसारखा आहे का, हा प्रश्न चर्चेत घेऊच नका. तो मुलांना चटकन होय म्हणायला लावतो आणि विचार तेथेच थांबतो. सुरुवात शिबूपासून करा. त्याच्याकडे कोणी, कधी जायला हवे होते, हे मुलांना विचारा आणि उत्तर देण्याची घाई न करता त्यांना बोलू द्या.